देवचंदचा नवा मॅनेजर

१९९९ सालची गोष्ट. जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या देवचंदने घरच्या कॉम्प्युटरवरचं जुनं लिनक्स पुसून नवं टाकलं, ते केवळ त्यातल्या पॅकेज मॅनेजरसाठी, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. जुना मॅनेजर भारी मानी होता. साधा एक प्रोग्रॅम टाकायला जावं तर म्हणायचा, आधी अमकी फाइल आण. ती आणावी तर म्हणायचा, तिच्यासाठी तमकी आण. नवा मात्र गुणाचा निघाला. एक नाव सांगितलं की त्याला लागणारं सगळं गणगोत सीडीतून स्वतःच शोधून घेऊन यायचा.

देवचंदचा आनंद पोटात मावेना. बायको लता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला म्हणून पहूरला माहेरी, वडिलांकडे, नानांकडे गेली, त्याला आता दोन महिने होत आले होते. त्याने तिला अंतर्देशीय पत्र लिहिलं. अख्खं पत्र मॅनेजरच्या कौतुकाने भरलं, "आता मला कुठे जावंच लागत नाही, घरबसल्या सगळं येतं," आणि तळाशी उरलेल्या जागेत लिहिलं, "तुझी तब्येत कशी आहे?"

आठ दिवसांनी उत्तर आलं. लताने साधं पोस्टकार्ड धाडलं होतं, आणि ते वाटेत वाचून झालेलं आहे हे पोस्टमनच्या मिशीतल्या हसण्यावरूनच देवचंदला कळलं.



"नाना म्हणतात, सासरचं कुणी न्यायला आल्याशिवाय लेक धाडणार नाही, तेव्हा तुम्हाला सवड नसेल, तर तुमच्या त्या मॅनेजरला पाठवा."