शेवटच्या स्टेशनचं तिकीट

“तिकीट शेवटच्या स्टेशनचं काढ,” नवरा म्हणाला.

तिच्या हातातली सुई तशीच थांबली. “शेवटच्या कशाला? मैत्रीण तर तीन स्टेशनं अलीकडे राहते.”

“तुला गाडीत डुलकी लागते. झोपेत पुढे गेलीस तर दंड बसेल. दंडापेक्षा हा जास्तीचा खर्च परवडला.”

तिने सुटकेचा श्वास सोडला. हे कारण त्याला शोभणारंच होतं. तो शिलाई मशीनं दुरुस्त करायचा आणि मशीनमधून निथळलेलं तेलही गाळून परत बाटलीत भरायचा. गल्लीत त्याच्या चिक्कूपणाचे किस्से रंगायचे, आणि त्यातले निम्मे खरे होते.

शिवणवर्गातल्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एक रात्र राहून येते, असं तिने त्याला सांगितलं होतं. मैत्रिणीचे गुडघे ठणठणीत होते. तिला जायचं होतं ते शेवटच्याच स्टेशनला, लेकीकडे.

चार वर्षांपूर्वी लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा तो एकच वाक्य बोलला होता. “या घरात तिचं नाव पुन्हा निघता कामा नये.” माणूस शब्दाला पक्का. त्या दिवसापासून त्याने ते नाव उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. भांडायला हवं होतं, असं तिला नंतर हजारदा वाटलं. पण तेव्हा तिची दातखीळ बसली होती.

मागच्या महिन्यात लेकीची एक जुनी मैत्रीण ड्रेस शिवायला आली. मापं देता देता हळूच म्हणाली, “काकू, तिला मुलगी आहे. तीन वर्षांची झाली.” जाताना तिने पत्ता लिहून दिला. त्या दिवशी हिने एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या.

नातीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच तिला हवं होतं. पण जो माणूस पोटच्या पोरीला तोडू शकतो, त्याला बायको काय जड? तीस वर्षांचा संसार एका खोट्यावर टांगला होता. तरी ती जाणार होती.

“गुरुवारी जा. गर्दी नसते,” तो पाठकोऱ्या बिलावर पेन्सिलीने लिहू लागला. “सकाळची पॅसेंजर पकड. एक्सप्रेसला दुप्पट पैसे आणि पोचते फक्त अर्धा तास आधी. डबा घरून ने, पाणी घरून ने. आणि पुढच्या डब्यात बस. समजा, झोपेत शेवटपर्यंत गेलीसच, तर जिना पुढे आहे.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“शेवटच्या स्टेशनांवर जिना पुढेच असतो.”

ज्याच्यावर वाद घालता येत नाही, असं काहीतरी ठोकून द्यायची त्याला सवयच होती.

“बाहेर रिक्षावाले मागे लागतील. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शाळेच्या भिंतीच्या कडेने सरळ चालत गेलीस की...” तो बॉबिन पुसायला थांबला. “वेळ जातो. परतीची गाडी येईपर्यंत काहीतरी करायला हवं ना.”

“अहो, मी झोपणार नाहीये.”

“सगळे असंच म्हणतात.”

उरलेल्या कापडांतून ती एक फ्रॉक शिवत होती. तोही त्याच्या नजरेतून सुटला नाही. “हा कोणाला?”

“मैत्रिणीच्या नातीला. तीन वर्षांची आहे म्हणे.”

त्याने फ्रॉक उचलून खिडकीच्या उजेडात धरला. “दोन बोटं लांबी वाढव. हल्लीची पोरं उंच असतात.”

तिने लांबी वाढवली. रविवारी तो नेहमीप्रमाणे सुटे भाग आणायला बाहेरगावी गेला, तेव्हा तिने निवांतपणे पिशवी भरली आणि फ्रॉक अगदी तळाशी घातला.

गुरुवारी तो स्टेशनवर पोचवायला आला. रांगेत उभं राहून तिकीट त्यानेच काढलं, पिशवीही त्यानेच उचलली. गाडी हलायच्या बेतात होती तेव्हा डब्याच्या दाराशी येऊन म्हणाला, “परतायची घाई करू नकोस. दोन दिवस जास्त राहिलीस तरी चालेल. तिकिटाचे पैसे तेवढेच.”

गाडी सुटली आणि तिला रडू फुटलं. असल्या साध्या माणसाशी आपण खोटं बोलतोय, याची तिला मनापासून लाज वाटली. मग लेकीचा चेहरा आठवला आणि रडू दुप्पट झालं. समोरच्या बाईने न विचारता खिडकीजवळची जागा दिली.

डुलकी कसली, डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटच्या स्टेशनवर जिना पुढेच होता. नवऱ्याचं एक तरी भाकीत खरं ठरलं, म्हणून तिला एवढ्या धाकधुकीतही हसू आलं. शाळेच्या भिंतीच्या कडेने ती विचारत विचारत गेली. चौथं घर, हिरवं दार. तिने पदराने तोंड पुसलं आणि कडी वाजवली.

लेकीने दार उघडलं. छातीवर हात ठेवून ती दोन पावलं मागे सरली.

“आई! तू? अशी अचानक?”

आणि पुढच्याच क्षणी गळ्यात पडली. दोघी दारातच रडल्या, एकमेकींचे केस सारखे करत.

“बारीक झालीस,” आई कशीबशी म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. “हे बघ, मी चोरून आलेय. तुझ्या बाबांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये.”

लेकीने मान खाली घातली.

इतक्यात आतल्या दाराचा पडदा हलला. अंगाने बारीक, पण वयाच्या मानाने चांगली उंच अशी एक मुलगी बाहेर आली, तिने पाहुणीला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईचा हात ओढला.

“आई, आता मी दचकू? आजोबांनी रविवारी शिकवलं तसं?”