काविळीवरचा उपाय

केळ्यात घातलेली ऊ जिवंत होती. मेलेली चालत नाही म्हणे. जिवंत पोटात गेली तरच कावीळ उतरते. गीताबाईने ती स्वतःच्या डोक्यातून काढली होती आणि आता केळ्याचा घास लेकाच्या तोंडाशी असा धरून बसली होती, जसा काही लाडूच भरवतेय.

"गिळ बे हरिओम. चावू नोको."

हरिओमने डोळे मिटून गिळलं. शी! घशात काहीतरी वळवळतंय असं उगीचच वाटत राहिलं. ओकारी त्याने कशीबशी दाबली, कारण ओकलं की दुसरी ऊ.

त्याच्या रक्तात दोन दुखणी होती, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी. दिवाळीच्या आधी आईने एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी उचलून नेली. "लई गरम असतात ह्या. ह्याइनंच तुह्यं लिव्हर खाल्लं." आई कशाला खोटं बोलेल? त्याने गोळ्या सोडल्या. आता त्याचे डोळे पिवळेधमक झाले होते, पोट टम्म फुगलं होतं आणि संग्रामपूरच्या त्या घरात उवांचा शोध चालला होता.

उवांनी काही झालं नाही. शेवटी शेगावला दवाखान्यात न्यावंच लागलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून कपाळावर हात मारला.

"गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या? एचआयव्ही दबलेला असला की हिपॅटायटिस लिव्हर सावकाश पोखरतो. तुम्ही त्याला रान मोकळं करून दिलंत! सोसत नव्हत्या तर आम्ही बदलून दिल्या असत्या. आजपासून पुन्हा सुरू करा. हिपॅटायटिसवरही औषध आहे, पण लिव्हर किती वाचेल ते आता सांगता येत नाही."

व्हरांड्यात आल्यावर हरिओमला आईची कीव आली. मायेपोटी चुकली बिचारी.

"जाऊ दे माय. गोळ्या लिव्हरले सांभाळून राह्यल्या होत्या, हे तुले कसं समजन?"

गीताबाईने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"लिव्हरचं मले काय समजते बे? तुह्या बहिनीले पाह्याले पाव्हने येऊन राह्यले होते. डबी त्याइच्या नजरीस पडली असती तं छकुलीले कोनं केली असती? म्हून तुले तसं सांगतलं."

हरिओमला आईची किळस आली. जन्मात पहिल्यांदा. तो औषधाच्या खिडकीकडे चालू लागला.

मागून ती घाईने म्हणाली, "आन् आइक, तिचं लगन होईपर्यंत त्या गोळ्या घरी आनू नोको."