गुडघ्यावरचा पेपर

माझा नवरा मुकुल फार मोठा संशोधक आहे. यकृत, हाडं, मेंदू, हृदय... शरीराचा एकही भाग त्याच्या पेपरांतून सुटलेला नाही. गेल्याच महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला, कारण गुडघ्याच्या इंजेक्शनवरच्या त्याच्या पेपरचा दाखला जगभरातल्या चारशे पेपरांनी दिलाय. त्या पेपरातले साठच्या साठ पेशंट ठणठणीत बरे झाले होते. होणारच! एका रविवारी, आमच्या डायनिंग टेबलावर, चहा पिता पिता त्यानेच त्यांना जन्माला घातलं होतं.

काल सासूबाईंचे गुडघे दाखवायला आम्ही ठाण्याला गेलेलो. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन लिहिलं आणि मुकुलचा चेहरा पडला.

"नको डॉक्टर, हे नको. साध्या गोळ्या द्या ना."

"अहो, तुम्हीच असं म्हणताय? तुमचा पेपर वाचूनच तर मी हे सुरू केलं. निम्म्या ठाण्याला टोचलंय!"

"पण आईला काही त्रास झाला तर?"

"तुमच्या त्या साठ पेशंटपैकी एकाला तरी झाला होता का?"

मुकुलने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं.



सासूबाईंनी कौतुकाने हसत साडी गुडघ्याच्या वर सरकवली. "लाजतोय हो तो. टोचा तुम्ही डॉक्टर, माझ्या लेकानेच शोधलंय."