मशीनची पूजा

मशीनला कुंकू लावायला मनकर्णाआजींनी बोट पुढं केलं आणि त्या थबकल्या. "इथं आधीच लाल दिसतंय की."

"गंज असेल, आजी. लावा तुम्ही," टेम्पोवाला म्हणाला.

सरकारी योजनेतून आमच्या बचत गटाला मिरची कांडपाचं मशीन आलं होतं. आम्ही नारळ फोडला. योजनेच्या साहेबांनी वाटलेल्या पांढऱ्या टोप्या घालून मशीनभोवती उभ्या राहिलो आणि फोटो झाला. मग साहेब म्हणाले, "वीजजोडणी होऊ द्या, लगेच बसवून देतो." मशीन त्याच टेम्पोतून परत गेलं. खोलीला चुना लावून आम्ही दोन वर्षं वाट पाहिली. मिरच्या उखळातच कुटत राहिलो.

काल भाचीच्या गावी गेले, तर तिच्या गटाचं मशीन आलेलं. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून जमल्या होत्या. टेम्पो तोच होता. टेम्पोवाल्यानं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

भाचीनं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "मावशी, पहिला मान तुझा." तिचा आनंद तोंडावर मावत नव्हता.

मी बोट टेकवलं. वाळलेल्या कुंकवाची जाड खपली बोटाला लागली. नखानं जरा उकरलं, तर खाली आणखी थर. त्यातला आमचा कुठला, कळेना.

भाची वाकून बघत होती. "काय गं, तिथं लाल काय आहे?"

टोप्या वाटून झाल्या होत्या.

"गंज असेल," मी म्हणाले. "लाव तू."