शंभर पावलं अलीकडे

हातगाडी उताराला लागली तशी बाईने दोन्ही बाजूंच्या फळ्या घट्ट धरल्या. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. खाली ओढा दिसत होता. ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाची हद्द.

गाडी गिल्बर्ट पेस ढकलत होता. एरवी तो पिंपं बनवायचा; यंदा गावच्या शिपाईगिरीची पाळी त्याच्यावर आली होती. ही भटकी बाई सकाळी एका गोठ्यात सापडली, तेव्हा चर्चच्या कारभाऱ्यांनी त्याला एवढंच सांगितलं, की हिला ओढ्यापलीकडे सोडून ये. मूल ज्या गावात जन्मेल त्या गावाने ते पोसायचं, असा कायदा होता, आणि त्या वर्षी धान्य पिकलं नव्हतं.

मागून सुईण अर्सुला चालत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. गाडी दारावरून गेली तशी ती कणकेचे हात न धुताच निघाली होती.

उताराच्या मध्यावर बाई ओरडली. अर्सुलाने पुढे होऊन गाडीचा दांडा धरला, थांब म्हणाली. गिल्बर्ट म्हणाला, शंभर पावलं राहिलीत, मग थांबायचंच आहे. तिने दांडा सोडला नाही. तो थोडा वेळ ओढ्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडी टेकवली आणि पाठ फिरवून कुंपणाशी जाऊन उभा राहिला. वारा बोचरा होता. त्याने अंगातला कोट काढला आणि मागे न बघता अर्सुलाकडे टाकला.

रडणं ऐकू आलं तेव्हा तो वळला. मुलगी होती.

"मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "पाणी ओलांडल्यावर झालं, असं सांगू. इथे आपण दोघंच तर आहोत."

"दोघं कसे? चौघं आहोत."

"मूल कुठे झालं, हे शपथेवर तुलाच विचारतील."

"विचारू देत."

त्याने तिला समजावलं, की गावाच्या डोक्यावर हे ओझं टाकलंस तर उद्यापासून एकही घर तुला बाळंतपणाला बोलावणार नाही. अर्सुला बाळाचं अंग पुसत होती. "मे महिन्यात तुझीच बायको बोलावील," ती म्हणाली.

गिल्बर्टने गाडीचं तोंड गावाकडे वळवायला घेतलं. चाक चिखलात रुतलं होतं. दोनदा जोर लावावा लागला.

"या गावाचं नाव काय?" बाईने विचारलं. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"अल्डरस्टो."

तिने ते म्हणून पाहिलं, पण चुकली. अर्सुलाने पुन्हा सांगितलं. मग गाडी चढ चढू लागली, आणि बाई पोरीच्या कानाशी तोंड नेऊन ते नाव तिला सांगू लागली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.