लाकडी पक्ष्याचा डोळा

धनुर्विद्येच्या परीक्षेत म्हाताऱ्या गुरुजींचा प्रश्न ठरलेला असायचा, "काय दिसतंय?" उत्तरही सगळ्यांना तोंडपाठ होतं. "फक्त झाडावरच्या लाकडी पक्ष्याचा डोळा," असं म्हणत चौघे अचूक नेम साधून गेले. शेवटच्या मुलीचं लक्ष मात्र नेहमीसारखं भलतीकडेच.

"धुकं विरघळतंय, गुरुजी. तळं गुलाबी झालंय. त्याच्यावरून बगळे चाललेत, अगदी आवाज न करता."

मागे खसखस पिकली. आता आपली धडगत नाही, असं वाटून तिने धनुष्य खाली केलं.

गुरुजींनी चाचपडत तिचा खांदा शोधला. "वर्ष झालं, मला काही दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "ज्याला विचारावं, तो आपला त्या डोळ्यापाशीच अडतो. सांग, तळं अजून गुलाबी आहे का?"