चाखायला कुणीतरी हवं

काटा त्र्याहत्तर पूर्णांक दोनवर थांबला. ती खाली उतरली, चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा चढली. काट्याला चष्म्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

गेल्या शनिवारी ती बहात्तरवर होती. सत्तरच्या खाली आल्याशिवाय डॉक्टर तिची किडनी काढायला तयार नव्हते, आणि ती मिळाल्याशिवाय बाबांची डायलिसिसच्या खुर्चीतून सुटका नव्हती. डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. त्यातले दोन संपले होते. गणित पहिलीतल्या मुलाला कळेल इतकं सोपं होतं. तिलाही कळत होतं, आणि तरी काल बाबांच्या बेकरीत उभ्या उभ्या ती केकचे चार तुकडे खाऊन आली होती. पहिला चाखण्यासाठी. उरलेल्या तीन तुकड्यांना कारण नव्हतं.

आत्या मागे उभीच होती. बाबांची ही थोरली बहीण दर शनिवारी आकडा ऐकायला न चुकता यायची. आनंदाची बातमी ऐकायला मात्र ती कधी इतकी वेळेवर आली नव्हती.

“लोक बापासाठी जीव ओवाळून टाकतात,” ती म्हणाली. “तुला केक सोडवत नाही.”

बाबा टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. ते तिला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी तिने आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. झालं ते झालं, आज नवा दिवस, असं बाईंनी सांगितलं. त्यांच्या आवाजावरून हा नवा दिवस सकाळपासून पंधरा-वीस जणांना वाटून झालेला असावा. त्यांनी दिलेल्या तक्त्यावर एक गाजर हसत होतं. तिने तक्ता उलटा करून भिंतीला लावला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने काय खायचं ते लिहिलं. गाजराच्या उपदेशाची गरज नव्हती.

गरज होती ती बेकरीत न जाण्याची. पण तिथेच घोडं अडत होतं. आजाराने बाबांच्या तोंडाची चव गेली होती. सगळं पत्र्यासारखं लागतं, म्हणायचे. चाळीस वर्षं जिभेच्या भरवशावर चालवलेली बेकरी, आता चाखायला कुणीतरी हवं होतं. भट्टीवरच्या कारागिरावर त्यांचा विश्वास नव्हता. लेकीवर होता. गुरुवार-शुक्रवार आला की त्यांचा फोन यायचा, आणि ग्रंथालयातली नोकरी आटोपून ती तडक तिकडे जायची. बापाला आपली गरज आहे, या कौतुकाने जायची. दुसऱ्याच्या अडचणीचं निमित्त करून खायला मिळावं, याहून सोयीची भूक नसते. हे तिचं तिलाच कळत होतं. म्हणून तर लाज वाटत होती.

किडनीचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, की लेकीला कापून बापाने जगायचं नसतं. मग आत्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, ती स्वतः दोन दिवस रडली. शेवटी त्यांनी हट्ट सोडला. तुझं वजन उतरलं की करू, म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. आत्याने तर त्याच संध्याकाळी वजनकाटा आणून दिला.

रविवारपासून चार दिवस ती लिहिल्याप्रमाणे जेवली. सकाळी तासभर चालली. बुधवारी काट्याने पहिल्यांदा दया दाखवली आणि तो पुन्हा बहात्तरवर आला. गुरुवारी फोन आला, तेव्हा तिने ठरवलं की समोर जाऊन सांगायचं. बाबा, चाखायला दुसरं कुणी बघा. फोनवर हे वाक्य तिच्याने पुरं झालं नसतं.

ती मागच्या दाराने शिरली. भट्टीच्या खोलीत गरम लोण्याचा वास भरला होता. नुसत्या वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तिला स्वतःची किळस आली. पिठाच्या पोत्यांआड ती क्षणभर थांबली.

बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते. कारागिराने पुढे केलेल्या केकमधून त्यांनी नखाएवढा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग बेसिनमध्ये थुंकून चूळ भरली.

“लिंबाची साल कडवट उतरलीये,” ते कारागिराला म्हणाले. “वरवर किसायची असते, पांढऱ्यापर्यंत जायचं नसतं. दुकानासाठी दुसरा घाणा कर.”

कारागिराने विचारलं, मग याचं काय करायचं.

“हा राहू दे. ती येईलच आता.”

ती पोत्यांआड उभी राहिली. आठ शनिवार. आठही शनिवार हा माणूस पेपरामागे बसून आत्याचे टोमणे ऐकत होता. लेक जिभेची गुलाम ठरत होती, आणि ते त्याला चालत होतं. हे म्हणे बापाचं प्रेम. इतकं स्वस्त मरण आणि इतका महाग त्याग तिने पुस्तकांतही वाचला नव्हता.

ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि वळसा घालून पुढून आली. बाबांचा चेहरा एव्हाना आजारी झाला होता. त्यांनी बशीत जाडसा तुकडा ठेवला, चमचा ठेवला आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

“जरा चाखून बघ गं. मला मेलं काही कळत नाही.”

तिने चमचा उचलून बशीबाहेर ठेवला. बशी परत त्यांच्याकडे सरकवली.

“लिंबाची साल कडवट उतरलीये,” ती म्हणाली.